न दिसणाऱ्या दुखण्याचा हिशेब

सकाळी साडेआठच्या सुमारास वाशी स्थानकात मुंबईकडे जाणारी गाडी शिरते, तेव्हा दिव्यांगांच्या राखीव डब्याची खूण जेथे रंगवलेली असते तेथे थोडी गर्दी जमलेली असते. कुणाच्या काखेत कुबडी असते, कुणाच्या हाती पांढरी काठी. त्यांतच एखादे गृहस्थ नुसतीच खांद्याला पिशवी अडकवून उभे असतात. हातपाय धड, चष्मा साधा, चेहरा जरासा ओढलेला. 'तुम्ही या डब्यात कसे?' हा प्रश्न अशा माणसाला वरचेवर ऐकावा लागतो, कधी तिकीट तपासनिसाकडून, बहुतेकदा सहप्रवाशाकडून. या डब्यातून प्रमाणपत्रधारक दिव्यांग, कर्करुग्ण आणि गर्भवती महिला प्रवास करू शकतात. परंतु मणक्याचे सांधे हळूहळू जखडत नेणारा विकार, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा बोटांच्या पेरांत शिरलेला संधिवात कपड्यांवरून दिसत नाही. मग खिशातले ओळखपत्र काढून दाखवायचे आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर पाहत करायचा.

दुखणे दिसत नाही आणि मोजताही येत नाही, हीच दीर्घकालीन वेदनेची मोठी अडचण आहे. तिच्यासह रोजचा दिवस कसा निभवावा, याविषयी वैद्यकशास्त्राला बरेच काही कळले आहे. नवी मुंबईसारख्या आखून वसवलेल्या शहरात त्यातले किती उपयोगात आणता येते, हे मात्र घरागणिक आणि कामागणिक बदलते.

वेदना म्हणजे नेमके काय?

सर्वसाधारणपणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. तिचा गाभा असा, की वेदना हा केवळ इजेचा संदेश नसून एक अनुभव आहे. प्रत्यक्ष इजा नसली किंवा भरून आली असली, तरी हा अनुभव खराच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी ती दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे लक्षण म्हणूनच नोंदली जाई.

इजा भरून आल्यावरही दुखते कसे? बोटाला चटका बसला की मज्जातंतू मेंदूकडे सूचना धाडतात. ही सूचना वाटेत, मज्जारज्जूतच, कमीअधिक केली जाते, हे मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. ठेच लागल्यावर आपण नकळत पाय चोळतो आणि बरे वाटते, त्याचे स्पष्टीकरण त्यांच्या या सिद्धांतात सापडते. सूचना दीर्घकाळ येत राहिल्या, की ही यंत्रणा हळवी होऊन बसते. सोसायटीतील एखाद्या मोटारीचा भोंगा चोर नसतानाही, शेजारून मांजर गेले तरी, वाजू लागतो, तसेच काहीसे. भोंगा खोटा नसतो, तो फार सहज वाजू लागलेला असतो. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा ताप आठवड्यात उतरला आणि सांधे मात्र कित्येकांचे पुढे महिनोन् महिने धरलेलेच राहिले, हे अनेक घरांत आजही आठवत असेल.

याउलट, तपासणीत दोष दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असेही नाही. पाठदुखी मुळीच नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३७ टक्के, पन्नाशीतील सुमारे ८० टक्के आणि ऐंशीच्या घरातील तब्बल ९६ टक्के व्यक्तींच्या मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या आढळल्या, आणि यांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती! एमआरआयच्या अहवालातील 'डिजनरेशन' हा शब्द वाचून हातपाय गाळणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. केस पिकतात तसे मणकेही पिकतात.

ठणका, कळ, सणक

डॉक्टर विचारतात, 'शून्य ते दहा या मापात किती दुखते?' रुग्ण म्हणतो, 'सात.' पुढच्या खेपेला पुन्हा 'सात'च. या आकड्यातून फारसे हाती लागत नाही, म्हणून मेलझॅक यांनीच १९७५ साली वेदनेचे वर्णन करणाऱ्या ७८ शब्दांची एक प्रश्नावली तयार केली. ती इंग्रजीत आहे. आपल्या भाषेला मात्र अशा शब्दांची वानवा कधीच नव्हती. ठसठसणे, ठणकणे, कळ येणे, चमक भरणे, सणक जाणे, रग लागणे, आग होणे, मुंग्या येणे, वळ येणे, अवघडणे, शिवशिवणे असे कितीतरी शब्द आजीच्या तोंडी असत आणि त्यांतील प्रत्येकाचा अर्थ वेगळा असे. वैद्यकीयदृष्ट्याही तो वेगळा आहे. आग, मुंग्या, विजेसारखी सणक असे वर्णन असेल तर मज्जातंतूंना बाधा झाली असण्याची शक्यता वाढते. मधुमेहींच्या तळपायांची आग हे त्याचे नेहमीचे उदाहरण. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास सांधे जखडलेले आणि हालचालीनंतर मोकळे, असे असेल तर सूज आणणाऱ्या संधिवाताकडे लक्ष जाते. चालून रग लागते आणि बसल्यावर उतरते, ही गोष्ट निराळी.

उपचारही त्यानुसार बदलतात. मज्जातंतूंच्या वेदनेवर साधी वेदनाशामके सहसा चालत नाहीत. तेथे प्रेगाबालिन, गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे दिली जातात. यांतील शेवटची दोन मुळात नैराश्यावरची. औषधाच्या दुकानातून हे कळले, की 'डॉक्टरांना मी वेडा वाटलो' असा समज करून घेऊन गोळी बंद करणारे कमी नाहीत. तो समज चुकीचा आहे. ही औषधे वेदनेच्या वाटेवरही काम करतात, म्हणून ती दिलेली असतात. डॉक्टरकडे जाताना आकडा सांगण्यापेक्षा चार शुद्ध मराठी शब्द, दुखण्याची वेळ, आणि दुखण्यामुळे कोणते काम सुटले, एवढे कागदावर लिहून न्यावे.

पाठीवरचे शहर

वेदनेचा आणि पोटाचा संबंध पाहायचा असेल, तर तुर्भ्याच्या बाजार समितीत जावे. मसाला, धान्य, कांदा-बटाटा, फळे आणि भाजीपाला हे मुंबईतील घाऊक बाजार ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने येथे आले आणि त्यांच्यापाठोपाठ माथाडीही आले. बहुतेक सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतले. डोक्यावर, पाठीवर गोणी वाहणाऱ्या या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचे ते फळ होते. कामगारांची नोंदणी, मजुरीचे वाटप, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी माथाडी मंडळांमार्फत होऊ लागल्या. असंघटित श्रमिकांसाठी त्या काळी हे फार पुढचे पाऊल होते.

तरीही गोणी ती गोणीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. गोणीचे वजन पन्नास किलोंच्या आत असावे, हा येथील माथाडींचाही जुना आग्रह आहे. आकडा लावून गोणी उचलायची, ट्रकमधून गाळ्यात न्यायची, थप्पी लावायची. कमाई उचललेल्या मालावर. जितकी पाठ वाकेल तितके पैसे, असा हा हिशेब आहे. ज्याची पाठ धरली त्याला डॉक्टर 'जड उचलू नका' असे सांगतात तेव्हा त्याचा अर्थ 'कमावू नका' असाच होतो. मग संध्याकाळी औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या, सकाळी पुन्हा बाजार.

या दोन गोळ्यांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके चार दिवसांसाठी ठीक आहेत. महिनोन् महिने घेतल्यास जठरात व्रण, मूत्रपिंडांवर ताण, रक्तदाबात वाढ हे धोके संभवतात. उन्हाळ्यात घाम गाळून, कमी पाणी पिऊन काम करणाऱ्याच्या मूत्रपिंडांना तर विशेषच. पॅरासिटॅमॉल तुलनेने सौम्य, पण प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि सर्दीच्या गोळीतही ते असते हे विसरू नये. नाव नसलेल्या पुड्या देऊन 'तीन दिवसांत वात घालवतो' म्हणणाऱ्यांपासून दूरच राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. तीन दिवसांत बरे वाटते ते त्यामुळेच.

महापे-ऐरोलीच्या संगणक कंपन्यांत खुर्चीवर दहा तास बसणाऱ्याची पाठही दुखतेच. त्याला निदान रजा असते, उभ्याने काम करायचे टेबल मागता येते. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. माणसाच्या आयुष्यातील वर्षे अपंगत्वात घालवणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला आहे.

टक्क्यांत न बसणारे

आपल्याकडे अपंगत्व टक्क्यांत मोजतात. चाळीस टक्के भरले तर बहुतेक सवलतींचे दार उघडते. केंद्र सरकारने २००१ साली काढलेल्या मूल्यमापनाच्या सूचनांत पाठीच्या दुखण्याविषयी एक कोष्टक होते. केवळ वेदनेची तक्रार असेल, स्नायूंचा ताठरपणा नसेल आणि क्ष-किरणात दोष दिसत नसेल, तर अपंगत्व शून्य टक्के. ताठरपणा आणि क्ष-किरणातील सौम्य बदल असल्यास वीस. संपूर्ण कण्यात तीव्र बदल असल्यास चाळीस. चित्रात दिसते ते खरे, हा विचार त्यामागे होता. चित्र आणि वेदना यांचे नाते किती सैल आहे, हे वर आलेच आहे.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया हे विकार त्यामुळे यादीत आले. सिकलसेलच्या रुग्णाला येणारी कळ ज्याने पाहिली आहे, त्याला या बदलाचे मोल सांगावे लागणार नाही. मूल्यमापनाच्या सूचनाही २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नव्याने निघाल्या. मात्र 'दीर्घकालीन वेदना' हा स्वतंत्र प्रकार या एकवीसांत नाही. संधिवाताच्या रुग्णाचे सांधे किती वाकतात, हातात किती बळ उरले आहे, हे पाहून चलनवलनाच्या अपंगत्वाखाली टक्के ठरतात. सकाळी उठताना काय होते, याला टक्के नाहीत.

अर्ज आता वैश्विक ओळखपत्राच्या शासकीय संकेतस्थळावर करावयाचा असतो. त्यानंतर शासनाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ओळखपत्राला रंग आले: चाळीस टक्क्यांखाली पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी व त्यापुढे निळा. पांढरे कार्ड मिळाले म्हणून ते टाकून देऊ नये. आजार वाढत जाणारा असेल तर पुढच्या तपासणीत पहिली नोंद उपयोगी पडते. मंडळापुढे जाताना तज्ज्ञांचे जुने कागद, रक्ताचे अहवाल, शस्त्रक्रियेचे तपशील क्रमाने लावून न्यावेत आणि 'फार दुखते' याऐवजी 'बाटलीचे झाकण उघडता येत नाही, दोन मजले चढताना तीनदा थांबावे लागते' असे सांगावे. शासकीय नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कारणाने नोकरीवरून काढता किंवा पदावनत करता येत नाही, हेही याच कायद्यात आहे. याची माहिती कित्येक कर्मचाऱ्यांना नसते.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. वाशीला महापालिकेचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र आहे. 'ईटीसी' या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र २००७ पासून विशेष मुलांसाठी काम करीत असून अन्य शहरांनी पाहून जावे असे आहे. परंतु पन्नाशीत पाठ धरलेल्या माणसाने जावे असे त्याच तोलाचे ठिकाण शहरात असायला हवे. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते. नेरुळहून तेथे पोहोचायचे तर गाड्या बदलत महालक्ष्मी गाठावे लागते आणि जिन्यांची चढउतार करूनच गुडघा दाखवायला जायचे. कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट वेगळी. तेथे मॉर्फिन हे रास्त आणि आवश्यक औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे ते मिळणे कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक औषधांसाठी नियम सुटसुटीत झाले. खारघरला टाटा स्मारक केंद्राचा परिसर असल्याने येथील कर्करुग्णांना हे उपचार निदान जवळ आहेत.

दिवसाची आखणी

बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे उत्तरायुष्यात बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच त्यांच्या हाती होते. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली, तेव्हा सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत केलेल्या बिछान्यावर पडून प्रवास करीत. आपण याकडे इच्छाशक्तीचा चमत्कार म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे गाडीतला तो बिछाना. शरीराला जे जमत नाही ते त्यांनी कामाच्या मांडणीतून वगळले होते.

वेदनेसह जगणाऱ्यांचे एक चक्र ठरलेले असते. एखाद्या दिवशी बरे वाटते, म्हणून माळा आवरायचा, चादरी धुवायच्या, बाजारही करून यायचे. मग तीन दिवस अंथरुणात. फिजिओथेरपिस्ट सांगतात, काम दुखेपर्यंत करू नका, घड्याळ लावून करा. पंधरा मिनिटांनी दुखू लागत असेल तर बाराव्या मिनिटाला थांबा, बरे वाटत असले तरी थांबा, आणि आठवड्या-पंधरवड्याने मिनिट-दोन मिनिटे वाढवा. चांगल्या दिवशी थांबणे हेच यात सर्वांत अवघड. पडून राहणे हा मात्र उपाय नव्हे. कंबरदुखीत दीर्घ विश्रांतीने अपायच होतो, यावर आता तज्ज्ञांचे एकमत आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत, कंबरदुखीतून उठलेल्या ज्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, त्यांचे दुखणे परत उलटण्यास सरासरी २०८ दिवस लागले; इतरांचे ११२ दिवसांत उलटले. नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'चा सपाट मार्ग यासाठी उत्तम आहे. सुरुवातीला एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत एवढेच माप धरावे.

पावसाळ्यात सांधे अधिक दुखतात, हा समज निराधार नाही. ब्रिटनमधील अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या रोजच्या नोंदींवरून २०१९ मध्ये असे दिसले, की दमट हवा, वारा आणि कमी दाब असलेल्या दिवशी दुखण्याची शक्यता थोडी वाढते. थोडीच. त्यामुळे जून ते सप्टेंबर घरात बसण्याचे कारण नाही. खाडीकाठच्या या शहरात तर दमट हवा बारमाहीच.

स्वयंपाकघरात काय बदलता येईल? विळी मोडीत काढून ओट्यावर सुरी. ओट्याशी उंच स्टूल, म्हणजे पोळ्या बसून लाटता येतात. कणीक यंत्रात मळावी आणि तिची लाज वाटू देऊ नये. रोजची भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळीवर ठेवावीत. बोटे दुखत असतील तर लाटण्याला, झाऱ्याला कापड गुंडाळून मूठ जाड करावी. जाड मूठ धरायला कमी जोर लागतो. न्हाणीघरात प्लास्टिकचे भक्कम स्टूल आणि भिंतीला गजाचा आधार. गजाला टॉवेल वाळत घालू नये, निसरड्या क्षणी हातात टॉवेलच येतो. मांडी घालून पूजेला बसता येत नसेल तर देव चौरंगावरून टेबलावर घ्यावेत.

काठीविषयी बहुतेकांची एक चूक होते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, तर विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे पाऊल टाकताना भार वाटला जातो. हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी.

घरातल्या माणसांचा प्रश्न अधिक नाजूक असतो. 'काल तर बाजारात गेली होतीस, आज काय झाले?' हा प्रश्न प्रेमापोटी येतो आणि तरीही लागतो. काल गेले म्हणूनच आज काही जमत नाही, हे समजावणे दरवेळी शक्य नसते. काही कुटुंबांनी यावर सोपा तोडगा काढला आहे: सकाळीच सांगून टाकायचे, आज दिवस कसा आहे. चांगला, मधला की वाईट. पुढचे प्रश्न आपोआप कमी होतात. अति काळजीनेही नुकसान होते. सासूबाईंना पाण्याचा पेलाही उचलू न दिल्याने त्यांच्या हातातले उरलेसुरले बळ जाते. झोप उडणे, कशातच मन न रमणे असे महिनाभर चालले तर त्याला वेदनेचाच भाग मानून वेगळे उपचार घ्यावेत. केंद्र सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू असून ती निःशुल्क आहे.

उरला प्रश्न जिन्याचा. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या इमारतींना उद्वाहन नाही. कोपरखैरणे-घणसोलीतील माथाडींची मूळची बैठी घरे वर वर चढत गेली आहेत. आत शिडीसारखा जिना, एका वेळी एकच माणूस जाईल इतका. पुनर्विकास होईल तेव्हा होईल. तोवर दुखऱ्या माणसाची खोली तळमजल्यावर आणावी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घ्यावा, पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढावा. चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा.